आईची मान आणि माझा उजवा हात

आमच्या बडोद्याच्या घरात आईला काही विचारलं की तिच्या मानेकडे बघायचं नाही, तोंडाकडे बघायचं, असा नियम आहे. कितीतरी वर्षं तिची मान सारखी डावी-उजवीकडे हलत असते. चहा घेणार का विचारलं की मान ‘नाही, नाही’ म्हणते आणि तोंड म्हणतं, “आण, पण अर्धाच कप.” घरच्यांना सवय झाली आहे, नव्या माणसाची मात्र पंचाईत होते. एकदा गॅसवाला दाराशी सिलिंडर घेऊन उभा होता. आत ठेव म्हणायला आई तोंड उघडेपर्यंत तो तिची मान बघून सिलिंडरसकट फाटकाबाहेर गेलासुद्धा. त्या दिवशीचा आमचा स्वयंपाक शेजारच्या बेनच्या ओट्यावर झाला.

आईची मान हलते, माझे हात हलतात. डॉक्टर याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, आम्ही घरात नुसतं ‘कंप’ म्हणतो. लोकांना लगेच पार्किन्सन्स वाटतो आणि ते चेहरा पाडून बोलायला लागतात. तो आजार वेगळा. माझा हात मांडीवर पडलेला असला की अगदी गरीब असतो. काही करायला उचलला की सुरू होतो. कप उचलणं, सही करणं, शर्टाचं वरचं बटण लावणं, चमच्याने आमटी खाणं ही त्याची आवडती ठिकाणं. कुणी बघत असलं की त्याला जास्तच चेव येतो. याने काही जीव जात नाही, असं मला पुष्कळांनी समजावलं आहे. समजावताना त्यांच्या हातात बहुतेक वेळा काठोकाठ भरलेला कप असायचा आणि माझं लक्ष त्या कपाकडे असायचं.

हा ऐवज आईच्या माहेरून आला. तिचे वडील संस्थानच्या रिसाल्यात होते. म्हातारपणी त्यांचे हात आणि मान, दोन्ही हलायची, आणि आजोळी सगळे अभिमानाने सांगायचे की इतकी वर्षं घोड्यावर बसल्यामुळे तसं झालं. आई जन्मात कधी घोड्यावर बसली नाही, तरी तिची मान हलायला लागली, तेव्हा हे कारण मागे पडलं. पुढे माझे हात सुरू झाले. “हे माझ्याकडून आलं तुला,” आई म्हणाली, आणि म्हणताना दुसरीकडे बघत राहिली. मी म्हटलं, तुझं नाकही आलंय, त्याचं काय करू. ती हसली नाही.

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. नोकरीला लागलो तेव्हा आम्ही ट्रेसिंग कागदावर शाईच्या पेनाने रेघा मारायचो. माझी रेघ चांगली होती, हे मीच सांगतो, कारण ते सांगणारे साहेब आता राहिले नाहीत. चाळिशीच्या आसपास त्या रेघेला बारीक दाते यायला लागले. नशिबाने त्याच सुमारास कारखान्यात संगणक आले. माउस कितीही थरथरला तरी दोन बिंदू दिले की मधली सरळ रेघ मशीन काढून देतं. त्यामुळे निवृत्त होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. चहाच्या सुट्टीत मात्र मी चहा पीत नाही असं सांगायचो. कारखान्यात चहा न पिणाऱ्या माणसाला विचित्र समजतात, पण विचित्र समजलेलं मला चालत होतं.

चाललं नाही ते एकदाच, वडील गेले तेव्हा. ते घरीच होते. श्वास अडखळायला लागला तशी आईने माझ्या हातात गंगाजळाची वाटी आणि चमचा दिला. शेवटचं पाणी मुलाने पाजायचं असतं. मी चमचा भरला, तो तोंडाशी नेईपर्यंत रिकामा झाला. पुन्हा भरला. पाणी त्यांच्या हनुवटीवर गेलं, गळ्यावर गेलं, कानामागे गेलं, ओठांच्या आत काही गेलं नाही. बहिणीने माझ्या हातून चमचा घेतला, तोवर वडील गेले होते. जमलेल्यांना वाटलं, दुःखाने मुलाचा हात कापतोय. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या क्षणी दुःख झालं नव्हतं, लाज वाटत होती. दुःख नंतर झालं. भिजलेली उशी आईने कुणाला न सांगता मागच्या अंगणात उन्हात टाकली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि आई मला म्हणाली, “माझ्या वेळी सांडू नकोस.”

एवढंच म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. मी मात्र त्या वाक्यापासून इलाजाच्या मागे लागलो. गोळ्या घेतल्या. एका गोळीने नाडी मंदावली, दुसरीने मला दुपारभर झोपवलं. हात दोघींनाही भीक घालत नव्हता. शेवटी बडोद्यातल्याच एका मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे माझी रीतसर परीक्षा झाली. या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओता, स्वतःचं नाक आणि माझं बोट आळीपाळीने शिवा, कागदावर आतून बाहेर जाणारं वेटोळं काढा. माझं वेटोळं पीठ कोरडं पडलेल्या चकलीसारखं जागोजाग तुटलं. मग डॉक्टरांनी अगदी गंभीरपणे विचारलं, “ड्रिंक लो छो क्यारेक? लीधा पछी ध्रुजारी ओछी थाय छे?”

घेतल्यावर थरथर कमी होते का, हे त्यांना हवं होतं. या आजारात बऱ्याच जणांची होते म्हणे. दारूबंदीच्या राज्यात, तेही बायकोसमोर, हा प्रश्न. मी म्हटलं, कल्पना नाही. “दमणच्या लग्नात यांचा हात मुळीच हलत नव्हता,” बायको शांतपणे म्हणाली. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. घरी येईपर्यंत बायकोने त्या लग्नाचा विषय काढला नाही, घरी आल्यावर काढला.

या नव्या इलाजाचं डॉक्टरांनीच सांगितलं. कापाकापी नाही, कवटीला भोक नाही. डोक्याभोवती टोपासारखं यंत्र बसवतात आणि चहूबाजूंनी आवाजाच्या लहरी मेंदूतल्या एका बारीक ठिकाणी गोळा करतात. लहानपणी आपण भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळायचो, तसंच. तेवढी जागा भाजली की थरथर हातापर्यंत पोचत नाही. हा आवाज कानाला ऐकू येत नाही. सगळं एमआरआयच्या नळीत पडून, जागेपणी करतात. आत्ता एकाच हाताचं होईल, दुसऱ्याचं पुढे जमलं तर बघू. ओठ, जीभ बधिर होऊ शकते, चालताना तोल जाऊ शकतो, काही वर्षांनी थरथर परतही येऊ शकते. हे सगळं त्यांनी स्वच्छ सांगितलं. दक्षिणेतल्या एका शहरात ही सोय होती, तिथे जावं लागणार होतं. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेलो.

शेवटी ते म्हणाले, डोक्याचा पूर्ण गोटा करावा लागेल. एक केसही चालत नाही, लहरी अडतात.

माझा हात केसांकडे गेला. डॉक्टरांनी माझ्याकडे निरखून बघितलं. “बा छे?” आई आहे का, त्यांनी विचारलं.

“छे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तो पहेलां बाने पूछी जुओ.” आधी आईला विचारा.

आमच्यात आईबाप असताना मुलगा डोकं उतरवत नाही. उतरवलेलं डोकं आणि काढलेली मिशी म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस गेलं. माझ्या आईच्या लेखी हा नियम बाकी सगळ्या नियमांच्या वरचा. कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात मी केस अगदी बारीक कापून आलो होतो. तिने दार अडवून विचारलं, “आम्ही दोघं जिवंत आहोत, दिसतंय ने?” आता त्या दोघांतली ती एकटी उरली होती. तिला शेवटचं पाणी पाजायला माझा हात स्थिर हवा, आणि हात स्थिर व्हायला मी ती गेल्यासारखं डोकं करून फिरायला हवं, असा हा सगळा घोळ. मला त्याचं हसू आलं आणि मनातून भीतीही वाटली.

आईला विचारायच्या आधी एक चाचणी बाकी होती. काही जणांच्या कवटीचं हाड असं असतं की त्यातून लहरी नीट जात नाहीत, मग हा इलाज होत नाही. माझी कवटी तपासायला दिली तेव्हा ती नापास व्हावी असं मला खरोखर वाटत होतं. म्हणजे विचारायचा प्रसंगच आला नसता आणि दोष हाडाला देता आला असता. पण मी उत्तम पास झालो. “तुमच्या डोक्यात काहीतरी शिरू शकतं, हे पहिल्यांदाच कुणी लिहून दिलं,” बायको म्हणाली, आणि रिपोर्ट कपाटात नीट ठेवला.

हिवाळा होता. आई मागच्या ओट्यावर बसून शाकासाठी पापडीच्या शेंगा सोलत होती. मध्यंतरी ती घरात पडली, तेव्हापासून तिला चालायला वॉकर लागतो आणि फाटकाबाहेर जाणं बंद झालं. पूर्वी ती दर आठवड्याला खंडेराव मार्केटात स्वतः जायची आणि भाजीवाल्यांशी यथासांग भांडून यायची. आता भाजी मी आणतो आणि ती मला नावं ठेवते. निवडायचं काम मात्र तिने कुणाला दिलेलं नाही. हात तिचेही हलतात. निम्मे दाणे ताटात पडतात, निम्मे ओट्यावर, आणि बायको नंतर ते न बोलता गोळा करते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. यंत्र, लहरी, भाजणं, एकच हात. ती ऐकत होती. मग मी म्हटलं, “आई, डोकं उतरवावं लागेल.”

तिची बोटं थांबली. मान हलत होती, पण ती नेहमीच हलते. मी नियमाप्रमाणे तोंडाकडे बघितलं. तोंड मिटलेलं होतं. मागच्या गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज लांब जाऊन विरेपर्यंत मी वाट बघितली.

“तू नाही म्हणालीस तर नाही जाणार,” मी म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं होतं. तिने ताटातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागली. मी आणखी थोडा वेळ बसलो आणि उठलो.

“काय म्हणाल्या आई?” बायकोने विचारलं.

“काहीच नाही.”

“म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत.”

“हो पण म्हणाली नाही.”

“अहो, त्यांनी हो कधी म्हटलंय? आपल्या लग्नालासुद्धा ‘बघा तुमचं’ म्हणाल्या होत्या.”

हे बरोबर होतं. तरी माझ्या मनाला पटत नव्हतं. बायकोने एक शक्कल काढली. दक्षिणेत जातोच आहोत, तर विचारणाऱ्यांना तिरुपतीला गेलो होतो असं सांगू. देवाला केस दिले तर कुणी काही म्हणत नाही. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “देवाला मधे घालू नका.” त्या विषयावर ती एवढंच बोलली. आम्ही जाऊन येईपर्यंत तिला जवळच्या पादरा गावी माझ्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं. तिने बॅग भरू दिली, पाणी प्यायचं आपलं तांब्याचं भांडं स्वतः त्यात घातलं, आणि बायकोने नि मी उचलून गाडीत बसवलं तेव्हा मुकाट बसली. आम्ही ती परवानगी धरली. इलाजाचं आम्ही सोसायटीत कुणाला सांगितलं नाही.

मी माझ्यापुरती एक तोड काढली होती. केस गेले तरी मिशी ठेवायची. सुतकात मिशी राहत नाही. तेव्हा मिशी बघितली की कुणालाही कळेल की याची आई आहे. रिसाल्यातल्या आजोबांसारखी ठेवलेली मिशी, तशी चांगली भरघोस होती.

दवाखान्यातल्या न्हाव्याची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्याला. मी डोळे मिटून बसलो. डोक्यावरून मशीन फिरलं, मग वस्तरा फिरला, कल्ले गेले, आणि त्याच हातासरशी मिशीची एक बाजू गेली. मी ओरडलो. त्याने माझ्या खांद्यावर थोपटून दिलासा दिला आणि दुसरी बाजूही सारखी करून दिली. नाहीतरी अर्धी मिशी ठेवून काय करणार होतो. आरशात बघितलं तर वडील गेले तेव्हाचा मी समोर उभा होतो, फक्त जास्त म्हातारा. मला फार वाईट वाटलं आणि लगेच घरी निघून जावंसं वाटलं.

डोक्याला एक चौकट स्क्रूने आवळून बसवतात. त्याआधी बधिर करायची इंजेक्शनं देतात, सगळ्या प्रकारात दुखली ती तीच. मग डोक्याभोवती रबराचा पडदा आणि त्यात खेळवलेलं गार पाणी. मला पाटावर निजवून यंत्रात सरकवलं. हातात एक बटण दिलं, अगदीच सहन झालं नाही तर दाबायचं. बँकेत नंबराची वाट बघताना टोकन धरतात तसं मी ते मुठीत धरलं.

लहरींचा प्रत्येक मारा काही क्षणांचा असतो. आधी हलका, नेम बरोबर आहे का बघायला, आणि मग चढता. मधे मधे डॉक्टर येऊन माझ्यापुढे कागद लावलेली पाटी धरायचे आणि मी पडल्यापडल्या वेटोळं काढायचो. एकदा ओठांना मुंग्या आल्या तसं मी सांगितलं, त्यांनी नेम किंचित हलवला. पुढच्या माऱ्याला डोक्याच्या आत कुठेतरी उकळी फुटल्यासारखं झालं, पाट गरगर फिरतोय असं वाटलं आणि मळमळायला लागलं. मी बटण दाबलं नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं. आता दाबलं असतं तर मिशी फुकट गेली असती.

मग पुन्हा पाटी आली. मी मधून सुरुवात केली आणि पेन जिकडे न्यावं तिकडे जायला लागलं. एक वेढा झाला, त्याच्या बाहेरून दुसरा, दोघांमधलं अंतर सारखं. डॉक्टर पुरे म्हणाले, पण मी कागदाच्या कडेपर्यंत काढत गेलो. ट्रेसिंग कागदावरची ती माझी जुनी रेघ होती. मी ती विसरून गेलो होतो आणि ती हाताला सगळी आठवत होती. मला रडू फुटलं. डोकं चौकटीत आवळलेलं असल्यामुळे पाणी डोळ्यांतून घरंगळून कानात गेलं, आणि मला वडिलांच्या कानामागे गेलेलं पाणी आठवलं. दुखतंय का, डॉक्टरांनी विचारलं. नाही, चालू द्या, मी म्हटलं.

संध्याकाळी बायकोने मुद्दाम काठोकाठ भरलेला चहा आणला. मी कप उजव्या हाताने उचलून प्यायलो. तिने सवयीने खाली बशी धरली होती. मी कप संपवला तरी ती बशी धरून उभीच होती. डावा हात होता तसाच हलत होता, ओठ थोडे जड झाले होते आणि चालताना तोल जरासा जात होता. ते होणारच होतं, तसं त्यांनी आधी सांगितलंही होतं.

आम्ही परत आलो तोवर बडोद्यात ऊन तापायला लागलं होतं. स्टेशनवरून रिक्षाने तरसालीला घरी आलो. डोक्यावर टोपी होती, पण सोसायटीच्या फाटकाशी घामाने डोकं खाजायला लागलं म्हणून मी ती काढली. तोल जाईल म्हणून बायकोने माझा दंड धरला होता. शेजारच्या बेन तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं, लोटी खाली ठेवली, हात जोडले आणि डोळ्याला पदर लावून आत गेल्या. बायकोने त्यांना इलाजाचं सांगितलेलं दिसतंय, असं मला वाटलं. एवढी काळजी करतात हे बघून बरंही वाटलं.

दुपारी, सगळी सोसायटी झोपलेली असताना, बहीण आईला पादऱ्याहून घेऊन आली आणि तिला दारात सोडून लगेच परत गेली. आई वॉकर धरून उंबऱ्याशी आली आणि मला बघून थांबली. ती माझ्याकडे बघत होती आणि मान हलत होती.

“मिशी पण?”

“न्हाव्याने काढली. मी ठेवणार होतो.”

ती माझ्या शेजारून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आडवी झाली, उशीला डोकं टेकलं की तिची मान थांबते. तेवढाच वेळ ती थांबते. जेवण झालंय, पाणी नको, पडू दे जरा, असं बायकोशी बोलली. माझ्याशी बोलली नाही. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. हात चांगला झाला होता, आणि ज्या माणसासाठी तो करून आणला ते माणूस माझं तोंड बघायला तयार नव्हतं. आपण आईला जिवंतपणी मारून आलो, असं मला वाटत राहिलं.

उन्हं उतरल्यावर दार वाजलं. शेजारच्या बेन, त्यांचे मिस्टर आणि मागच्या रांगेतली काही माणसं होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. चपला बाहेर काढून, एक शब्द न बोलता आत आले आणि जमिनीवर बसले. असं कुणी येऊन बसलं की ते कशासाठी आलं हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. मला कळलं नाही, कारण मी अजून हाताच्याच नादात होतो.

“बहु खोटुं थयुं, भाई,” बेन म्हणाल्या. फार वाईट झालं.

“ना, ना, सारुं थयुं,” मी म्हटलं. चांगलंच झालं की, आता पुष्कळ आराम आहे.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बेनचे मिस्टर जरा थांबून म्हणाले, तेही खरंच, सुटल्या बिचाऱ्या. कोण सुटल्या, ते माझ्या डोक्यात शिरेना. मग बेन पुढे सरकल्या आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “छेल्लुं पाणी तमारा हाथे ज पीधुं ने बाए?”

शेवटचं पाणी बांनी तुमच्याच हातून घेतलं ना.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पडल्यापासून कुणाला न दिसलेली आई, तिला उचलून गाडीत घालून पादऱ्याला नेणं, बंद घर, आणि मग डोकं उतरवून, मिशी काढून, बायकोचा आधार घेत परतलेला मुलगा. त्यांच्या जागी मी असतो तर मीही पांढरा सदरा घालून आलो असतो. आई आत झोपलीय, एवढंच सांगायचं होतं. पण त्या प्रश्नासरशी मला वडिलांची भिजलेली उशी आठवली. स्वयंपाकघराच्या दारात बायको तोंडावर हात ठेवून उभी होती.

आतून वॉकरचा ठक ठक आवाज आला. आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मान डावी-उजवीकडे हलत होती.

“ना,” ती म्हणाली. “ए हजी बाकी छे.”

ते अजून व्हायचंय. बेनच्या तोंडून किंकाळीसारखं काहीतरी निघालं. एका काकांनी भिंत धरली. मग कुणीतरी हसलं, आणि सगळे असे हसायला लागले की बेन हसता हसता रडल्या आणि आईच्या पाया पडल्या. अशी खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं त्यांच्यात म्हणतात, आपल्यातही म्हणतात. ते प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं. “बेसो हवे, चा पीने जजो,” आई म्हणाली. बसा आता, चहा पिऊनच जा. ती खुर्चीत बसली आणि ती गेल्यावर कोण काय काय म्हणालं ते तिने एकेकाला विचारून घेतलं. बांच्या हातचं पापडीचं शाक आता कुठे मिळणार, असं बेन सकाळी म्हणाल्या होत्या. ते तिने पुन्हा एकदा सांगायला लावलं. चहा मी ओतला. सगळे कप भरले, बशीत थेंब सांडला नाही. आलेल्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. आई बघत होती.

सगळे गेल्यावर बायको कप विसळायला आत गेली. आई खुर्चीतच होती.

“ये इकडे,” ती म्हणाली. “पाणी पाज बघू. चमच्याने.”

तिचं तांब्याचं भांडं अजून बॅगेतच होतं. ते काढून धुतलं, भरून आणलं, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो. चमचा भरून उचलला. पाणी हललं नाही. आईने चमच्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मनगटापासून कोपरापर्यंत, मार्केटात दुधी पारखायची तसं. मग तोंड उघडलं. पण तिची मान हलत होती. तोंड चमच्याच्या या बाजूला जायचं, त्या बाजूला जायचं, आणि चमचा मधे जागच्या जागी. थोडं पाणी आत गेलं, बाकीचं हनुवटीवरून पदरावर.

“हे माझं सांडलं,” ती म्हणाली. “तुझं नाही. आडवी झाले की मान थांबते. तेव्हा सगळं आत जाईल.”

मी डाव्या हाताने तिची हनुवटी पुसली; तो हात हलत होता. तिने आपला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. डोक्यावर नुकते खुंट यायला लागले होते, त्यांच्यावर तो थरथरत राहिला.

“त्या दिवशी मी नाहीच म्हणत होते,” ती म्हणाली.

कुठल्या दिवशी, ते मला विचारावं लागलं नाही. ओट्यावरचं पापडीचं ताट मला आठवलं.

“मग तोंडाने का बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तू ऐकलं असतंस.”

मी चमचा पुन्हा भरला.